हिरवी खूण

"हिरवं दिसलं म्हणून लगेच पाय नको टाकू, शालन. शेवाळही हिरवंच असते."

इतकी वर्षं झाली, पण दाणीसरांचा तो आवाज अजून कानात आहे. कंपनीतला माझा पहिलाच आठवडा. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमशेजारी स्क्रीनवर टपोरी हिरवी खूण उमटली आणि मी हरखून टाळी वाजवली. सर मागेच उभे होते. चष्मा कपाळावर, हातात घरून आणलेला स्टीलचा पेला, बोलण्यात नागपूरचा हेल.

"पण सर, ही खूण तर तुम्हीच बनवलीय ना?"

"म्हणूनच सांगून राहिलो," ते म्हणाले आणि पेला सावरत निघून गेले.

आमची कंपनी बाणेरच्या टेकडीखाली होती. सुतार घर बांधतो, पण सुताराचा रंधा कुणीतरी दुसराच बनवतो. आम्ही ते रंधा बनवणारे. बँका, कारखाने, रुग्णालयं यांचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आमचं टूल वापरत. चुकलेल्या ओळीखाली टूल लाल रेघ मारी, सगळं ठीक असलं की हिरवी खूण दाखवी. ही लाल-हिरवी पारख करणाऱ्या भागाला ऑफिसात सगळे 'तपासनीस' म्हणत. तपासनीस दाणीसरांचा. पंधरा हातांनी लिहिलेल्या आमच्या टूलमध्ये तेवढा एकच भाग एका हाताचा होता.

असे मोठे प्रोग्रॅम कसे लिहावेत याचं एक जगभर चालणारं मानक आहे. देशोदेशीची माणसं समितीत बसून ते ठरवतात आणि काही वर्षांनी नवं काढतात. त्या समितीत आमच्या कंपनीची एक खुर्ची होती आणि तिच्यावर दाणीसर बसत. बसत म्हणजे मंगळवारी संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बोलत. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून येत. फोनवर कुणाला दिसतोय सदरा? पण येत.

त्या वर्षी मानकानं आपलं आडनावच बदललं. आतल्या हजारो शब्दांना पुढे जे एक कुळाचं नाव लागायचं, ते जाऊन दुसरं आलं. आमच्या गावाकडे नव्या नवरीचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं काढतात. तिथे बायका म्हणायच्या,

*ताटातल्या तांदळात, अंगठी नाव काढी*
*माहेरीच्या नावाची गं, कोण आता हाक धाडी*

तसंच झालं. नव्या घरात, म्हणजे नव्या मानकावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या नावाला ओ देणारं कुणी उरलं नाही. आणि गंमत अशी की नवं घर त्याबद्दल भांडतही नाही. जुन्या नावाची ओळ दिसली की ते ओरडत नाही, अडत नाही. जणू ती ओळ लिहिलेलीच नाही, असं समजून पुढे जातं.

म्हणून आमच्या टूलमध्ये एक नवं बटण आलं. दाबलं की जुना प्रोग्रॅम नव्या मानकावर जाणार, मग तपासनीस तो पारखणार, राहिलंसुरलं जुनं नाव लाल करणार. ऑफिसच्या दारात हातभर फलक लागला : 'नवे मानक, पहिल्या दिवसापासून!' आमचे प्रमुख सौमित्र केळुसकर त्या फलकाखाली फोटो काढून घेताना मी पाहिले आहेत.

रिलीज झालं, पेढे वाटले गेले. पाऊस संपून हवा कोरडी व्हायला लागली होती, तेव्हा एका सकाळी सौमित्रनं मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"शालन, तू कराडची ना?"

"कराडजवळची."

"म्हणजे तिकडचीच. जयसिंगपूरच्या पुढे एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, आपला क्लायंट. तिथे जरा राडा झालाय. त्यांच्या कॉम्प्युटर विभागातल्या मुलीनं प्रोग्रॅम नव्या स्टँडर्डवर नेला आणि पेशंटांचे रिपोर्ट सगळ्यांना दिसायला लागले. कुणालाही. अगदी कँटीनवाल्यालासुद्धा."

"आपल्या बटणानं नेला?"

"बटण आपलंच गं. पण वापरणाऱ्याला अक्कल नको? तू जा, बघ आणि एक पानभर लिहून आण, की टूलमध्ये दोष नाही, वापरताना चूक झाली. गोड बोल. तुझी भाषा त्यांना जवळची वाटेल."

बाहेर आले तर दाणीसर चहाच्या मशीनपाशी उभे. पेला भरून वाहायला लागला होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

"सर, चहा!"

"हो… हो." त्यांनी पेला बाजूला घेतला. "तू चालली का तिकडे?"

"आत्ताच्या गाडीनं. का हो?"

ते काहीतरी बोलतील असं वाटलं. ओठ हलले. मग म्हणाले, "जेवून जा."

हॉस्पिटलच्या फाटकाशी मोसंबीवाले बसले होते. आत पांढऱ्या साड्यांची, सलायनच्या बाटल्यांची धावपळ. कॉम्प्युटर विभाग म्हणजे क्ष-किरण खोलीच्या मागची एक चिंचोळी खोली. तिथे वैजयंता आवटी बसली होती. माझ्याच वयाची, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा. मला बघून उठली नाही.

"पुण्यास्नं आलाय?"

"हो. मी शालन."

"चूक माझी हाय एवढं लिवून न्यायला आलाय न्हवं? कागद आणलाय का माझ्याकडचा देऊ?"

तिनं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा. पाणी प्या. भांडायचं ते पाणी पिऊन भांडू."

मग तिनं सांगितलं. या हॉस्पिटलचा प्रोग्रॅम आठ-नऊ वर्षांपूर्वी कुणी लिहिलेला. त्यात दारं होती आणि प्रत्येक दारावर एकेक ओळ लिहिलेली, पहारेकऱ्यासारखी. या दारातून फक्त डॉक्टर. या दारातून फक्त लॅबवाले. वैजयंतानं आमचं बटण दाबलं, बहुतेक नावं बदलली. पण पहारेकऱ्यांच्या ओळी एका वेगळ्या गाठोड्यात बांधलेल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, जुन्या नावानं. नव्या घरानं त्यांना ओळखलं नाही आणि सगळी दारं सताड उघडी पडली.

"कुणाला कळलं कसं नाही?"

"कळणार कसं? दार उघडं हाय म्हणून कोण तक्रार करतंय? बंद असलं की करत्यात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हितं नर्सिंग शिकायला एक पोरगी हाय. हाय म्हंजे होती. तिच्या रक्ताचा रिपोर्ट कुणीतरी कँटीनच्या कॉम्प्युटरवर उघडला. सकाळी उघडला, आन् दुपारी जेवायला गेली तर मेसवालीनं तिचं ताट निराळं ठेवलेलं. सगळ्यांच्या देखत. पोरगी जेवली न्हाई. ट्रंक भरली आन् गावाला गेली."

बोटाला गुंडाळलेला पदर तिनं सोडला.

"आता शुक्रवारी कमिटी हाय. डॉक्टर खोत म्हणत्यात, जिनं केलं तिला काढा. काढू द्यात. पर मॅडम, एक सांगा. मी बटण दाबलं. तुमच्या टूलनं तपासलं. हिरवी खूण आली. त्याच्यावर मी आणखी काय बघायचं होतं? ते सांगा, म्हंजे मी गपगुमान घरला जाते. ह्या असल्या बदनामीवर मला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात घेत्यात का, ते जाऊ द्या."

मी तिच्या कॉम्प्युटरसमोर बसले. तपासणी चालू आहे की बंद, ते ठरवायचा एक खटका टूलमध्ये असतो. तो चालू होता. मी मुद्दाम एक ओळ जुन्या नावानं लिहिली. लाल रेघ यायला हवी होती. आली नाही. हिरवी खूण. आणखी एक लिहिली, आंधळ्यालाही दिसेल अशी चूक. हिरवी खूण. शेवटी मी नव्या मानकाच्या फाइलमध्ये आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं नाव लिहिलं.

'शून्य चुका.' हिरवीगार खूण.

वैजयंता माझ्या खांद्यावरून बघत होती. "आत्ता गं बया," ती हळूच म्हणाली. "हे तर बघतच न्हाई."

बघतच नव्हतं. चुका सापडल्या नाहीत असं ते सांगत होतं, आणि त्यानं शोधल्याच नव्हत्या. नव्या मानकाचे नियमच तपासनीसाकडे नव्हते. पारखायला नियम नाहीत म्हणून चुका नाहीत, आणि चुका नाहीत म्हणून हिरवं. उपाशी माणसानं 'मला काही बाधलं नाही' म्हणावं, तसं. मी वैजयंताकडे वळले.

"तुमच्या शुक्रवारच्या कमिटीत पुण्याहून कोण बोलणार आहे?"

"फोनवर तुमचे कोण केळुसकर सायेब हायत की."

"मी पण असेन," मी म्हटलं.

पुण्यात उतरले ती थेट केबिनमध्ये गेले.

"सौमित्र, नव्या मानकाचे नियम टूलमध्ये आहेतच कुठे?"

त्यानं लॅपटॉपचं झाकण हळू मिटलं. "बस आधी."

"बसत नाही. नियम नव्हते तर लाल दाखवायचं. पिवळं दाखवायचं. 'मला माहीत नाही' असं म्हणायचं. हिरवं कशाला?"

"अगं, स्टँडर्ड शेवटपर्यंत बदलत असतं. नियम लिहायला वेळ लागतो, पुढच्या अपडेटमध्ये येणारच आहेत. आणि 'मला माहीत नाही' म्हणणारं टूल कोण विकत घेईल? सांग ना."

"खरं बोलणारं टूल घेतील लोक."

"लोक पहिल्या दिवशी येणारं टूल घेतात." तो हसला. हसू वाईट नव्हतं. थकल्या माणसाचं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "ही कविता नाहीये, शालन. चाळीस माणसांचे पगार आहेत इथे."

"तिकडे एका पोरीचं ताट वेगळं ठेवलं."

"त्याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण ते ताट मी ठेवलं नाही."

त्यानं प्रिंटरवरून एक कागद उचलून माझ्यापुढे धरला. हॉस्पिटलला द्यायचं पत्र तयारच होतं. मी वाचलं. वापरणाऱ्या व्यक्तीनं टूलमधली तपासणी स्वतःहून बंद ठेवल्याचं आढळून आलं, असं त्यात लिहिलं होतं.

"हे खोटं आहे. तिची तपासणी चालू होती. मी डोळ्यांनी बघितलं."

"तू गेलीस तेव्हा चालू होती. प्रोग्रॅम बदलला त्या दिवशी चालू होती हे कशावरून?"

"मी सही करणार नाही."

"तुझी सही नकोच आहे. दाणीसरांची हवी. स्टँडर्ड कमिटीवरचा माणूस म्हटला की डॉक्टर लोक मान देतात."

मी दाणीसरांच्या टेबलाशी गेले. ते पेल्यातला गार चहा बघत बसले होते. मी सगळं सांगितलं. मोसंबीवाल्यांपासून ताटापर्यंत. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

"सर, तपासनीस तुमचा. तुम्हीच समितीत भांडला होता ना, की जुनं नाव दिसलं तर नव्या घरानं गप्प बसू नये, ओरडावं? आम्हाला सांगायचात तुम्ही. मग तुमच्याच तपासनीसानं असं कसं केलं? नियम लिहायचे राहिले तर राहिले, पण ते सांगायचं ना! आणि आता त्या मुलीच्या नावावर? तुम्ही त्या पत्रावर सही करणार?"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

"कंपनीनं ती खुर्ची घेतलेली आहे, शालन. माझी नाही ती. त्यांनी म्हटलं उद्या दुसरा बसेल, तर दुसरा बसेल." ते थांबले. "मंगळवार सोडला तर माझ्यापाशी काय आहे सांग बरं."

"त्या वैजयंतापाशी काय आहे?"

ते पुन्हा पेल्याकडे बघायला लागले. मी तशीच वळले. आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता. सौमित्रकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. या माणसाला मात्र मी गुरू म्हटलं होतं.

शुक्रवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत सौमित्र, दाणीसर आणि मी असे तिघं बसलो. भिंतीवरच्या पडद्यावर हॉस्पिटलची कमिटी दिसत होती. मधोमध डॉक्टर खोत, पांढऱ्या मिशा, आवाजात रागाची धार. त्यांच्या मागे दाराशी एका खुर्चीच्या कडेवर वैजयंता. तिनं चांगली इरकल साडी नेसली होती. घरी पाठवतात तेव्हा तरी नीट दिसावं, असं असेल.

सौमित्रनं पत्र वाचलं. छान वाचलं. खेद, सहवेदना, सहकार्य. मग ते वाक्य आलं.

"खोटं हाय ते!" मागून वैजयंता ओरडली. "म्या तपासणी कधी बंद केली न्हाई!"

"आवटी, तुम्हाला विचारलंय का?" खोतांनी मान न वळवता म्हटलं.

"सर, मी बोलते," मी म्हटलं. सौमित्रनं टेबलाखालून हातानं थांबायची खूण केली, मी लक्ष दिलं नाही. "मी तिथे येऊन गेले. तपासणी चालू होती. आमचं टूल नव्या मानकाची तपासणी करतच नाही. मी वॉचमनचं नाव लिहिलं तरी हिरवं आलं."

पडद्यावर कुजबुज झाली. खोत पुढे झुकले. "केळुसकर, ही तुमचीच मुलगी काय म्हणतेय?"

सौमित्र जराही डगमगला नाही. "डॉक्टर, शालन भावनिक झालीय. ती चांगली आहे, पण तपासणीच्या भागावर तिनं कधी काम केलेलं नाही. एका कॉम्प्युटरवर, घटनेनंतर काही दिवसांनी, काहीतरी बघितलं. तुम्हीसुद्धा शिकाऊ नर्सच्या सांगण्यावरून निदान करत नाही ना?"

कमिटीतलं कुणीतरी हसलं. खोतही सैलावले.

"खरं आहे. मग जाणकाराला विचारू. ते तुमचे दाणी आहेत ना, आंतरराष्ट्रीय समितीवरचे? दाणीसाहेब, तुम्ही सांगा. तुमचा शब्द आम्ही शेवटचा मानू. आमच्या मुलीनं तपासणी बंद केली होती की नाही?"

सौमित्र आणि पडद्यावरचे सगळे दाणीसरांकडे वळले. मी वळले नाही. मी पडद्यावरच्या वैजयंताकडे बघत होते. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती, दोन्ही हात पोटाशी बांधून, शाळेत छडीची वाट बघणाऱ्या मुलीसारखी.

"सर," सौमित्र मऊ आवाजात म्हणाला, "फक्त पत्रात आहे तेवढंच सांगा."

दाणीसरांनी चष्मा कपाळावर चढवला. माइक स्वतःकडे ओढला. तो ओढताना टेबलावर खरखर झाली आणि पलीकडे खोतांनी कानावर हात नेला.

"आवटीताई कोण आहेत? जरा पुढे या बरं. हां. मला तुमच्याशी बोलायचं आहे, डॉक्टरांशी नाही."

वैजयंता खोतांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"ताई, नव्या मानकाचे नियम लिहायचे राहिले, असं ह्या शालनला वाटून राहिलं. आमच्या सगळ्या ऑफिसला तसंच सांगितलं आहे. ते राहिले नव्हते. मी लिहिले होते. एकूण एक. रिलीजच्या आधी लिहून, तपासून तयार ठेवले होते."

सौमित्रनं लॅपटॉपवरचे हात उचलले.

"सर, प्लीज."

"ते चालू केले आणि आमच्याच बटणानं बदललेला प्रोग्रॅम त्यांच्यापुढे ठेवला. लालच लाल झाला. बटण जुनी नावं मागे सोडून राहिलं होतं आणि तपासनीस ती पकडून राहिला होता. गाठोड्यातली नावं, जशी तुमची राहिली, अगदी तीच. बटण दुरुस्त करायला महिना लागला असता. फलक तर लागून गेला होता. मग मला म्हटलं, बटण राहू द्या, तपासनीसाला गप्प करा."

"कुणी म्हटलं?" खोतांनी विचारलं.

"ते ह्यांना विचारा, इथेच बसले आहेत. म्हटलं कुणीही असेल, केलं मी. तपासनीसाची एकेक ओळ माझी आहे, डॉक्टर. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. ताई, तुम्ही काही बंद केलं नाही. तुमच्या हातात आलं तेव्हा ते बंदच होतं. नियम मी बंद केले होते, आणि हिरवी खूण तशीच चालू ठेवली होती."